वीज गेली तरी वीजवाल्यांचा फोन लागायला हवा

१६ मे २०२१ चा तो रविवार गोव्यात कुणी विसरले नसेल. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याच्या अंगाने वर सरकले आणि जाता जाता माड, फणस, विजेचे खांब, वाटेत येईल ते आडवे करून गेले. सत्तरीतल्या आमच्या वाड्यावर लाईट सकाळीच गेली. दुपार कलेपर्यंत मोबाईलची रेंजही गेली.

दुसऱ्या दिवशी लाईनमनकाका आले. अंगात रेनकोट, खांद्यावर दोर, हातात कोयता. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेने जाणाऱ्या अकरा केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) तारेवर माडाचे अख्खे चुडत, म्हणजे झावळी, अडकले होते. काढायला दहा मिनिटे पुरली असती. पण काका खांबाला हात लावेनात. "परमिट नाही मिळालेलं," एवढेच म्हणाले.

परमिट म्हणजे कागदी परवानगी असे आम्हाला तोवर वाटत होते. काकांनी समजावले. उपकेंद्रात बसलेल्या ऑपरेटरने त्या फिडरचा, म्हणजे तिथून निघणाऱ्या त्या लाईनचा, ब्रेकर नावाचा मोठा स्वीच उघडायचा, म्हणजे लाईन तोडायची, दुसऱ्या कुणी तो चुकून चालू करू नये म्हणून त्यावर पाटी लावायची आणि मग लाईनमनला स्वतः सांगायचे, 'अमुक फिडर बंद आहे, काम करा.' लाईट आधीच गेलेली असली तरी परमिट लागतेच. ती कोणत्या क्षणी परत येईल, किंवा कुणाच्या जनरेटरमधून उलटी तारेत शिरेल, याचा नेम नसतो. ही सगळी बोलणी होतात फोनवर, आणि फोन तर बंद होता.

शेजारचा मुलगा पुढे झाला. "काका, मी वर सड्यावर, डोंगरमाथ्यावर जातो, तिथे रेंज येते. ते हो म्हणाले की वरून हात करतो."

"नको रे बाबा," काका म्हणाले. "हा निरोप मी माझ्याच कानांनी ऐकणार."

मग ते स्वतः सडा चढून गेले. तासाभराने खाली आले, खांबावर चढले, चुडत काढले. त्यानंतर पुन्हा सडा चढले. काम झाले, माणसे खाली उतरली, आता फिडर चालू करा, हेही ऑपरेटरला सांगावे लागते. त्याला परमिट परत करणे म्हणतात. दहा मिनिटांच्या कामासाठी दोन वेळा सडा.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मोबाईलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की तो बॅटरीवर जातो आणि बॅटरी काही तासांची असते. पुढे डिझेल जनरेटर असला आणि डिझेल पोचले तर ठीक, एरवी टॉवर बंद. तारा दुरुस्त करणाऱ्यांना मात्र तोच टॉवर लागतो. म्हणजे विहिरीतून वर यायचा दोर विहिरीच्या तळाशी ठेवल्यासारखे झाले. हे आपल्या खेड्यापाड्यांतच होते असेही नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश एकाच वेळी अंधारात गेले, तेव्हा तिथेही काही तासांतच बॅटऱ्या संपून मोबाईल सेवा ठिकठिकाणी बंद पडली.

यावर जगभरातल्या वीज कंपन्या आता एक उपाय करत आहेत, तो म्हणजे स्वतःचे खासगी वायरलेस नेटवर्क. नाव जड आहे, पण कल्पना सोपी आहे.

आपला मोबाईल चालतो त्यामागे चार गोष्टी असतात. हवेतला एक पट्टा म्हणजे स्पेक्ट्रम, टॉवरवरचा रेडिओ, खोलीत बसवलेला 'कोअर' नावाचा सर्व्हर आणि हातातल्या यंत्रातले सिमकार्ड. कोअर हा या सगळ्याचा मेंदू. कोणते सिम आपले, कोणते परके, कुणाचे बोलणे आधी पुढे पाठवायचे, हे तो ठरवतो. मोबाईल कंपनीकडे या चारही गोष्टी असतात आणि त्या आपण सगळे मिळून वापरतो. खासगी नेटवर्कमध्ये या चारही गोष्टी वीजवाल्यांच्या स्वतःच्या. तंत्र तेच, आपल्या फोनमधले फोर-जी किंवा फाईव्ह-जी. फरक इतकाच की त्या टॉवरला तुमचा-माझा फोन जोडला जात नाही. जोडले जातात ते लाईनमनचे हँडसेट, खांबावरचे स्वीच, ट्रान्सफॉर्मर, मीटर आणि उपकेंद्रातली यंत्रे.

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेला गेलेल्यांना ठाऊक आहे, गर्दी वाढली की फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण फोन लागत नाही. टॉवर चांगला असतो, त्याच्या वाट्याला माणसे जास्त आलेली असतात. वादळानंतर पहिले दोन तास रेंज असते तेव्हाही हेच होते. सगळा गोवा आपापल्या माणसांना एकाच वेळी फोन करतो, आणि त्या गर्दीत लाईनमनचा फोनही रांगेत उभा राहतो. स्वतःच्या नेटवर्कवर ही रांग नसते.

वीजवाल्यांकडे आजवर स्वतःची काहीच सोय नव्हती, असे मात्र नाही. उलट, घरोघरी टेलिफोन पोचायच्या कितीतरी आधीपासून ते आपल्या उच्चदाब तारांवरूनच आवाज आणि संदेश पाठवत आले आहेत. त्याला पॉवर लाईन कॅरियर म्हणतात. आता मोठ्या टॉवरलाईनच्या अगदी वरच्या तारेच्या पोटात फायबर घातलेले असते. वीज ज्या वाटेने येते त्याच वाटेने निरोपही येतो. गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. आपली बहुतेक वीज महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या बाजूने सह्याद्री ओलांडून येते. एवढ्या मोठ्या लाईनींना भरवशाचे दळणवळण लागतेच.

अडचण त्याच्या खालच्या पायरीवर आहे. तेहतीस आणि अकरा केव्हीच्या लाईनी, वाड्यावाड्यावरचे ट्रान्सफॉर्मर, खांबावरचे स्वीच आणि घराघरातले मीटर, या ठिकाणांची संख्या हजारांत आणि लाखांत जाते. प्रत्येक ठिकाणी फायबर नेणे परवडत नाही. आणि नेलीच तर ती त्याच खांबावरून न्यावी लागते. माड पडला की खांब पडतो, खांबाबरोबर तारही पडते आणि फायबरही. इथे हवेतून जाणारा निरोपच उपयोगी.

हवेतून म्हटले की पट्टा कोणता हा प्रश्न येतो. तो समजून घ्यायला शिगम्यात जाऊया. रोमट, म्हणजे शिगम्याची वाजतगाजत निघालेली मिरवणूक, दूरच्या वाड्यावर असते तेव्हा आपल्याला काय ऐकू येते? ढोल. कांसाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, खणखणाट मिरवणूक जवळ आल्याशिवाय कानावर येत नाही. ढोलाचा खर्जातला आवाज लांब जातो, झाडे-घरे वळून येतो. कांसाळ्यांचा उंच आवाज वाटेतच विरतो. रेडिओलहरींचेही असेच आहे. ४५० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटीमीटर लांबीची, ती डोंगराच्या आडोशाने, झाडीतून बऱ्यापैकी पार होते. फाईव्ह-जीला वापरतात त्या साडेतीन गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटीमीटरची. तिच्यात माहिती भरपूर मावते, पण भिंत आली, पानांचा दाट पडदा आला की ती थकते.

वीजवाल्यांना ढोल हवा आहे. त्यांना सिनेमे पाठवायचे नाहीत. एक स्मार्ट मीटर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने थोडेसे आकडे पाठवतो, खांबावरचा स्वीच 'मी उघडा आहे' किंवा 'मी जोडलेला आहे' एवढेच सांगतो. माहिती मूठभर, पण ती पोचलीच पाहिजे. म्हणून अरुंद आणि खालचा पट्टा त्यांना पुरतो. जर्मनीने २०२१ मध्ये ४५० मेगाहर्ट्झचा पट्टा वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवांच्या नेटवर्कला दिला. अमेरिकेत मे २०२० मध्ये ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तीन मेगाहर्ट्झ जायला आणि तीन यायला, अशी वाट मोकळी झाली. तिथल्या अनेक वीज कंपन्यांनी ती घेतली.

या सगळ्याचा उपयोग काय, हे एका उदाहरणावरून मला सगळ्यात नीट कळले.

पावसाळ्यात अकरा केव्हीची तार तुटून शेतात पडते. तार जमिनीला लागली की ब्रेकर पडेल आणि लाईन आपोआप बंद होईल, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा होतेही तसेच. पण तार कोरड्या मातीवर, वाळूवर किंवा डांबरी रस्त्यावर पडली तर जमिनीत शिरणारा करंट इतका थोडा असतो की उपकेंद्रातल्या रिलेला, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या यंत्राला, तो कुणाच्या घरातल्या गिझरसारखाच वाटतो. ब्रेकर पडत नाही. तार जिवंत राहते आणि गवतात नुसती पडलेली दिसते. पहाटे गुरे सोडायला निघालेल्या माणसाला ती दिसतच नाही. गुरे दगावल्याच्या, माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर पावसात वाचतो. त्यांतल्या कितीतरी अशाच तारांच्या असतात.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या वीज कंपनीने याच प्रश्नाला हात घातला. तिथे तार पडून सुक्या रानाला वणवा लागण्याची भीती. त्यांनी हिशेब केला तो असा. तीस फुटांवरची तार तुटली तर जमिनीवर यायला तिला १.३७ सेकंद लागतात. शाळेतल्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात घालून बघा, तेवढेच येते. तार तुटते त्या क्षणी लाईनच्या दोन टोकांचा व्होल्टेज एकमेकांशी जुळेनासा होतो. म्हणून लाईनवर ठिकठिकाणी मापक बसवले, सगळ्यांची घड्याळे उपग्रहाच्या वेळेला लावली आणि सेकंदाला तीसएक मोजमापे कंपनीच्या स्वतःच्या वायरलेस नेटवर्कवरून पाठवायची व्यवस्था केली. उपकेंद्रातला नियंत्रक ती शेजारी-शेजारी ठेवून बघतो. तार तुटली हे ओळखायचे, कुठे तुटली ते ओळखायचे आणि दोन्ही बाजूंचे स्वीच उघडायचा हुकूम द्यायचा, हे सगळे तार हवेत असतानाच. जमिनीवर पडते ती मेलेली तार.

दीड सेकंदाच्याही आत हे घडवायचे तर निरोपाला रांगेत थांबून चालत नाही. सार्वजनिक नेटवर्कवर निरोप साधारणपणे लगेच जातो, पण 'साधारणपणे' या शब्दावर कुणाचा जीव टांगता येत नाही. खासगी नेटवर्क का हवे, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

दुसरा उपयोग रोजचा आहे. स्मार्ट मीटरमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. वीज जाते तेव्हा त्यात साठलेल्या कणभर विजेवर मीटर एक शेवटचा निरोप पाठवतो, 'माझी वीज गेली.' इंग्रजीत त्याचे नावच शेवटचा श्वास या अर्थाचे आहे. हे निरोप नीट पोचले तर नियंत्रण कक्षातल्या नकाशावर लगेच दिसते की अमुक ट्रान्सफॉर्मरच्या पुढची सगळी घरे गेली, अलीकडची चालू आहेत, म्हणजे बिघाड इथे. रात्री बॅटरी मारत, पावसात सगळी लाईन चालत जाऊन कुठे चुडत अडकले आहे ते शोधायची गरज उरत नाही. पण हजारो मीटर एकाच क्षणी शेवटचा श्वास सोडतात, आणि तेही टॉवर स्वतः बॅटरीवर जात असताना. गर्दीच्या नेटवर्कवर यातले किती निरोप पोचतील?

तिसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते, ते म्हणजे वय. वीजवाले एखादे यंत्र बसवतात ते पंधरा-वीस वर्षांसाठी. मोबाईलची पिढी तेवढी टिकत नाही. आपल्याकडे एअरटेलने थ्री-जी २०२० पर्यंत बंद केले, अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये. मोबाईल कंपनीचे यात काही चुकत नाही, तिला ग्राहकाला नवे द्यायचे असते. पण खांबाखांबावर जुन्या पिढीचे मोडेम बसवून बसलेल्याचे काय? ते सगळे पुन्हा बदलायचे. नेटवर्क स्वतःचे असेल तर ते कधी बदलायचे हेही स्वतःच ठरवता येते.

परक्याच्या दळणवळणावर विसंबले की काय होते, याचे एक उदाहरण जर्मनीतले आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर हल्ला सुरू झाला त्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. रोख युक्रेनवर होता. पण त्याच सेवेवर जर्मनीच्या एनरकॉन कंपनीच्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांची दूरदेखरेख चालत होती, तीही बंद पडली. पाती फिरत राहिली, वीज येत राहिली, पण दुरून त्यांना काही विचारता येईना की सांगता येईना. भांडण दुसऱ्यांचे आणि फटका यांना.

मात्र खासगी म्हणजे आपोआप सुरक्षित, असे कुणी सांगितले तर मानू नका. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. चोर आत शिरले ते कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ईमेलमधून. हवेतला पट्टा स्वतःचा असला तरी कार्यालयातला संगणक उघडा राहिला तर उपयोग नाही. याच हल्ल्यात त्यांनी कंपनीच्या तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा पूर लोटला होता, म्हणजे खऱ्या ग्राहकांना 'वीज गेली' हे सांगताच येऊ नये. वीज तोडणाऱ्यालाही दळणवळणाचे मोल बरोबर कळते.

आता आपल्याकडे हे कसे होऊ शकते ते बघू. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्कसाठी, म्हणजे अशाच खासगी नेटवर्कसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चार वाटा सांगितल्या आहेत. मोबाईल कंपनीच्या चालू नेटवर्कचा एक राखीव काप घ्यायचा. किंवा तिच्याकडूनच वेगळे नेटवर्क उभारून घ्यायचे. किंवा तिचा पट्टा भाड्याने घेऊन नेटवर्क आपण उभारायचे. किंवा पट्टा थेट सरकारकडून घ्यायचा. यातली पहिली वाट स्वस्त आहे, पण टॉवर तोच, बॅटरी तीच. सड्यावर चढावे लागले ते ज्यामुळे, ते कारण तसेच राहते. शिवाय या सूचना कारखाना, बंदर अशा ठरावीक आवारांना जितक्या सोयीच्या, तितक्या राज्यभर पसरलेल्या वीजजाळ्याला नाहीत.

तरीही देशात याचे उदाहरण आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले पाच मेगाहर्ट्झ सुरक्षा आणि सिग्नलसाठी देण्याचा निर्णय घेतला. गाडीचा चालक आणि स्टेशन यांचा संपर्क गर्दीवर सोडता येत नाही, हे देशाने मान्य केले. लाईनमन आणि उपकेंद्र यांच्या संपर्काला मी त्याच पंक्तीत बसवीन.

खर्चाचे काय, हा रास्त प्रश्न. टॉवर, कोअर, ते सांभाळणारी शिकलेली माणसे, हे काही फुकट होत नाही. म्हणून सगळेच स्वतःच्या नेटवर्कवर घालावे असे मला वाटत नाही. महिन्याचे बिल काढण्यापुरते मीटरचे आकडे मोबाईल कंपनीच्या नेटवर्कवरून गेले तर काही बिघडत नाही. तासभर उशीर झाला तरी कुणाला इजा होत नाही. परमिटची बोलणी, स्वीचचे हुकूम आणि तुटलेल्या तारेचा निरोप, हे मात्र स्वतःच्या वाटेने जावेत.

आणि गोव्याला इथे एक सोय आहे जी मोठ्या राज्यांना नाही. सगळे राज्य मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. खालच्या पट्ट्यातल्या ढोलाला हे अंतर फार नाही. अवघड आहेत ती सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथली दऱ्याखोरी. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाईन वर्गासाठी याच भागातली मुले डोंगरावर जाऊन बसत होती. जिथे धंदा कमी तिथे कंपनीचा टॉवर उशिरा येतो, आणि काही गावांत लोकांचाच टॉवरला विरोध असतो. पण वीज त्या गावांतही आहे, म्हणजे जवळपास कुठेतरी उपकेंद्रही आहे. त्याला कुंपण आहे, रस्ता आहे, रखवाली आहे आणि मुख्य म्हणजे बॅटरीची खोली आहे. पुरवठा गेला तरी ब्रेकर चालवता यावा म्हणून प्रत्येक उपकेंद्रात बॅटरीची रांग ठेवावीच लागते. रेडिओ त्याच आवारात लावला आणि त्याच्यासाठी तिथेच जादा बॅटरी ठेवली तर नवी जागा शोधावी लागत नाही, आणि काही तासांऐवजी काही दिवस टिकण्याची तयारी करता येते.

हे नेटवर्क एकट्या विजेसाठी का ठेवावे, असेही मला वाटते. ओपाच्या पाणी प्रकल्पाचे पंप थांबले की फोंडा-तिसवाडीचे नळ कोरडे पडतात. साळावली धरणाचे पाणी दक्षिण गोव्याला जाते. पाणीपुरवठा, अग्निशमन दल, आपत्ती व्यवस्थापन यांना वादळाच्या दिवशी नेमके हेच लागते आणि एरवी त्यांचा भार थोडा असतो. खर्च वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. अमेरिकेतल्या सदर्न कंपनी या वीज समूहाचे सदर्न लिंक नावाचे स्वतःचे नेटवर्क आहे. ते आपल्या वीज कंपन्यांबरोबर बाहेरच्या संस्थांनाही सेवा देते.

अशी योजना कधी इथे आली तर मी सगळ्यात आधी लाईनमनच्या हातात काय देणार ते विचारीन. या नेटवर्कवर चालणारे हँडसेट साध्या फोनपेक्षा वेगळे मिळतात. बाजूला एकच मोठे बटण, रबरी हातमोजा न काढता दाबता येईल असे. दाबले की नंबर लावावा लागत नाही, आवाज थेट ऑपरेटरला आणि त्या फिडरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एकाच वेळी ऐकू जातो. ऑपरेटर फिडरचे नाव सांगतो, लाईनमन तेच नाव परत म्हणून दाखवतो आणि दोघांचेही बोलणे वेळेसकट नोंदले जाते. खांबाखाली उभे राहून, स्वतःच्या कानांनी. सडा न चढता.